यादी आणि बाई : महाराष्ट्र-गोव्यातील देहविक्रयविषयक एच.आय.व्ही. संशोधनाची चिकित्सा

भारतात एच.आय.व्ही. संसर्गाचे पहिले निदान १९८६ साली चेन्नई येथे झाले. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली तपासण्यात आलेले ते रक्तनमुने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. वैद्यकीय इतिहासातील एक नोंद म्हणून ही घटना नेहमी सांगितली जाते. परंतु पुढील संशोधनाची दिशा ठरविण्यात तिचा वाटा किती मोठा होता याचा विचार फारसा होत नाही. रोग जेथे प्रथम सापडला तेथेच तो उपजला, असा समज प्रशासनाने, वृत्तपत्रांनी आणि काही अंशी संशोधकांनीही करून घेतला. त्यानंतर मुंबईतील कामाठीपुरा, पुण्यातील बुधवार पेठ, सांगलीतील गोकुळनगर, नागपुरातील गंगा-जमुना आणि गोव्यात वास्कोजवळील बायणा या वस्त्यांमध्ये प्रश्नावल्या घेऊन जाणाऱ्यांची जी रीघ लागली, ती आजही पूर्णपणे थांबलेली नाही.

या संशोधनाचे मूल्यमापन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. ज्यांना मुळात हा व्यवसायच नको आहे, ते अशा संशोधनाकडे व्यवसायाला प्रतिष्ठा देण्याचा उद्योग म्हणून पाहतात. जे प्रतिबंध कार्यक्रमाशी संबंधित आहेत, ते निरोधवापराचे वाढलेले आणि संसर्गाचे घटलेले आकडे दाखवून समाधान मानतात. दोन्ही पक्षांत एक प्रश्न राहून जातो. संशोधनातून निर्माण झालेली माहिती शेवटी कोणाच्या हाती राहिली, आणि जिच्याविषयी ती गोळा केली गेली त्या स्त्रीला तिचा काही उपयोग करता आला काय? महाराष्ट्र व गोव्यातील काही ठळक अभ्यास आणि प्रकल्प या प्रश्नाच्या आधारे तपासले, तर स्थानिक संशोधनाच्या यशाचे आणि अपयशाचेही निराळे चित्र दिसू लागते.

नोंदवहीचा वारसा

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची यादी करण्याची कल्पना एड्सच्या साथीबरोबर आलेली नाही. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये अशा स्त्रियांची नोंदणी, सक्तीची वैद्यकीय तपासणी आणि रोगी आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल'मध्ये स्थानबद्धता अशी व्यवस्था ब्रिटिश सरकारने उभी केली. मुंबईत ती १८७० मध्ये लागू झाली, मध्यंतरी बंद पडली, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १८८८ मध्ये कायद्याबरोबरच संपुष्टात आली. तपासणी स्त्रीची होत असे. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची होत नसे. अश्विनी तांबे यांनी 'कोड्स ऑफ मिसकंडक्ट' (२००९) या ग्रंथात वसाहतकालीन मुंबईतील या कारभाराचा बारकाईने मागोवा घेतला आहे. कायदा कडक होत गेला तरी स्त्रिया नोंदणी चुकवीत राहिल्या, ही त्यातून समोर येणारी बाब आजच्या संशोधकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. नोंदवहीत नाव जाणे म्हणजे शिक्षेला सामोरे जाणे, हे त्या स्त्रियांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९६० च्या दशकात, एस. डी. पुणेकर आणि कमला राव यांचा मुंबईतील वेश्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा भर कौटुंबिक पार्श्वभूमीवर होता. स्त्री या व्यवसायात कशी आली, हा त्या पिढीच्या समाजशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न होता आणि तो त्या काळाला साजेसाही होता. अडचण अशी की, महाविद्यालयीन लघुशोधप्रकल्पांतून आणि समाजकार्याच्या प्रबंधिकांतून तो प्रश्न तसाच्या तसा पुढे चालत आला. प्रश्नावलीचा आरंभ 'आपण या व्यवसायात कशा आलात?' असा झाला की उत्तरही ठरावीक साच्यातच येते. फसवणूक, दारिद्र्य, नवऱ्याने टाकणे, देवाला सोडणे ही कारणे खोटी असतात असे मुळीच नाही. परंतु वर्षानुवर्षे तोच प्रश्न विचारला गेलेल्या वस्तीत कोणत्या पाहुण्याला कोणते उत्तर हवे आहे हे बायका पुरते ओळखून असतात. अभ्यासक एक करुण कहाणी घेऊन परततो. आदल्या रात्री गिऱ्हाइकाने निरोध वापरण्यास नकार दिला तेव्हा नेमके काय घडले, हे त्याच्या वहीत येतच नाही. एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र हवी असलेली माहिती हीच असते.

गणनेबाहेरचा पुरुष

१९९० च्या दशकातील संशोधनाचा विचार करताना पुण्यातील एका अभ्यासाकडे दुर्लक्ष करता येत नाही. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची (नारी) स्थापना १९९२ मध्ये पुण्यात झाली. शहरातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांवर आधारित जो अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. तो आकडा त्या काळात अनेकांनी उद्धृत केला. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा होता. देहविक्रय न करणाऱ्या ज्या स्त्रिया या चिकित्सालयांत आल्या होत्या, त्यांच्यातही संसर्गाचे प्रमाण १३.६ टक्के होते. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज अन्य कोणाशी आपला संबंध आलेला नाही असे त्यांनी सांगितले होते.

या दोन आकड्यांच्या मध्ये जो उभा आहे तो पुरुष. वस्तीत जाणारा आणि घरी परतणारा. तो कोणत्याही नकाशावर नव्हता. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना 'सेतू लोकसंख्या' असे नाव देऊन त्याला अंशतः यादीत आणले. पण त्यातही तो दूरचा, फिरता, गरीब पुरुष म्हणूनच आला. बाजारपेठेतील दुकानदार, कारखान्यातील कायम नोकरदार, महाविद्यालयाचा विद्यार्थी हे गिऱ्हाईक म्हणून संशोधनाच्या कक्षेत अभावानेच आले. याचे कारण पद्धतिशास्त्रीय असल्याचे सांगितले जाते : गिऱ्हाईक विखुरलेले असते, वस्ती एका जागी असते. हे खरे आहे. तरीही जेथे मोजणे सोपे तेथेच मोजत राहायचे आणि मग तेथेच रोग अधिक आहे असे म्हणायचे, यातील तर्कदोष १८८० मधील लॉक हॉस्पिटलच्या डॉक्टरांपासून फारसा दूर गेलेला नाही.

सोयीच्या जागी मोजलेल्या आकड्यांची मर्यादा राष्ट्रीय पातळीवर २००७ मध्ये उघड झाली. तोपर्यंत भारतात सुमारे ५२ लाख लोक संसर्गित असल्याचा शासकीय अंदाज होता. तो मुख्यतः ठरावीक दवाखान्यांतील रक्तनमुन्यांवर बेतलेला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) घराघरांतून रक्तनमुने घेतले गेले, निरीक्षण केंद्रांची संख्याही वाढली, आणि सुधारित अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. एकही रुग्ण बरा न होता रुग्णसंख्या निम्मी झाली, असे त्या वेळी थट्टेने म्हणता आले असते.

लक्ष्यगट, हॉटस्पॉट आणि एकास साठ

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यापासून (२००७-१२) स्थानिक संशोधनाला एक निश्चित, काहीसे यांत्रिक रूप आले. प्रथम परिसराची पाहणी करून 'हॉटस्पॉट' शोधायचे, तेथील स्त्रियांची अंदाजे संख्या काढायची, त्यानुसार स्वयंसेवी संस्थेला लक्ष्यगट हस्तक्षेपाचा प्रकल्प द्यायचा. साधारण साठ स्त्रियांमागे त्यांच्यातीलच एक 'पीअर एज्युकेटर', अडीचशे स्त्रियांमागे एक 'आउटरीच वर्कर'. प्रत्येक स्त्रीची नोंद, तिला दिलेले निरोध, तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या, तिच्या तपासण्या असे सारे तक्त्यांत. तत्पूर्वी २००३ मध्ये गेट्स प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झालेल्या 'आवाहन' प्रकल्पाने ही शिस्त बसविण्यात मोठा हातभार लावला होता.

या व्यवस्थेचे यश नाकारणे अन्यायाचे होईल. 'आवाहन'च्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे एक लाख संसर्ग टळले असावेत, असा अंदाज २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधील संसर्गाचे राष्ट्रीय प्रमाण २००३ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होते. २०२१ च्या निरीक्षणात ते दोन टक्क्यांच्या खाली आढळले. पुण्यातील १९९७ चा आकडा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या घसरणीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. या घसरणीत पीअर एज्युकेटर म्हणून अत्यल्प मानधनावर वस्तीच्या जिन्यांवरून चढउतार करणाऱ्या बायकांचा वाटा किती, याचा हिशेब मात्र कोणत्याही प्रतिमानात केलेला नाही.

तरीही पद्धतीविषयी काही आक्षेप नोंदवावे लागतात. पहिला आक्षेप भाषेचा. 'नियमित जोडीदार', 'अनियमित जोडीदार', 'पैसे देणारा', 'पैसे न देणारा' असे प्रश्नावलीतील कप्पे होते. पश्चिम महाराष्ट्रातील वस्त्यांत मात्र 'गिऱ्हाईक' आणि 'मालक' हा भेद महत्त्वाचा असतो. मालक म्हणजे धनी, आणि मालक म्हणजे नवऱ्यासारखा धरलेला पुरुषही. मराठी घरात बाई नवऱ्याचा उल्लेख याच शब्दाने करते. तो कधी पैसे देतो, कधी घेतो, कधी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून नाव देतो. गिऱ्हाइकाबरोबर निरोध वापरणारी बाई मालकाबरोबर तो वापरत नाही, कारण तो मागणे म्हणजे मालकाला गिऱ्हाइकाच्या पातळीवर आणणे. हा अर्थ 'नियमित जोडीदार' या कप्प्यात मावत नाही. परिणामी निरोधवापराचे आकडे समाधानकारक दिसत असतानाही संसर्ग होत राहिला, तर त्याचे कारण संशोधकाला त्याच्याच तक्त्यात सापडत नाही. हा शब्द ज्या संस्थांनी वेळीच ऐकला, त्यांचे कामही वेगळे झाले.

दुसरा आक्षेप उत्तरांच्या विश्वासार्हतेचा. शेवटच्या संबंधाच्या वेळी निरोध वापरला का, हे ज्या संस्थेकडून निरोध मिळतात तिच्याच कार्यकर्त्याने विचारल्यावर 'नाही' म्हणणे सोपे नसते. कर्नाटकात यावर 'मतदान-कक्ष' पद्धतीचा उपाय करण्यात आला. स्त्रिया आडोशामागे बसतात, प्रश्न मोठ्याने वाचला जातो आणि प्रत्येक जण आपले उत्तर चिठ्ठीने पेटीत टाकते. कोणाचे उत्तर काय हे कोणालाच कळत नाही. अत्यंत साधी, स्वस्त आणि सन्मान राखणारी ही पद्धत महाविद्यालयीन संशोधनात अद्याप रुजलेली दिसत नाही, हे आश्चर्यकारक आहे.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. हॉटस्पॉटवर आधारलेली गणना ज्या स्त्रीला पूर्ण वेळ आणि एका जागी धंदा करणारी मानते, ती स्त्री या व्यवसायाचा एक भागच आहे. स्वाती शहा यांच्या 'स्ट्रीट कॉर्नर सीक्रेट्स' (२०१४) या मुंबईविषयक ग्रंथात मजूर नाक्यावर बांधकामाच्या कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या स्त्रिया, रस्त्यावरचा व्यवहार आणि कामाठीपुऱ्यातील कोठ्या यांचा एकत्र विचार केला आहे. मजुरी आणि देहविक्रय यांच्यातील रेषा तेथे दिवसागणिक सरकते. पुणे विद्यापीठातील रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी चौदा राज्यांतील तीन हजार स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित जी अखिल भारतीय पाहणी २०११ मध्ये पुढे आणली, तिनेही हेच दाखविले : अनेक स्त्रिया या व्यवसायाआधी किंवा त्याच्याबरोबरच घरकाम, शेतमजुरी, बांधकाम अशी कामे करीत होत्या. या पाहणीचे मोल असे की, तिने 'कशा आलात' याऐवजी 'आधी कोणते काम केलेत, किती मिळत होते, ते का सोडलेत' असे अर्थशास्त्राचे प्रश्न विचारले. प्रश्न बदलल्याबरोबर उत्तरांतील स्त्रीही बदलली.

बायणा : नकाशा पुसला गेल्यानंतर

स्थानिक संशोधनाची खरी कसोटी वस्ती मोडली जाते तेव्हा लागते. गोव्यात मुरगाव बंदराजवळ, वास्को शहरालगतच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती हे राज्यातील देहविक्रयाचे मुख्य केंद्र होते. तेथील बहुतेक स्त्रिया कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या. उच्च न्यायालयाच्या २००३ मधील आदेशानंतर जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, त्यांच्या खोल्या जमीनदोस्त करण्यात आल्या. तोपर्यंत स्वयंसेवी संस्थांनी तेथे वर्षानुवर्षे केलेले प्रतिबंधाचे काम त्या एका जागेवर उभे होते.

मरियम शाहमनेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात गोव्यात केलेले अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बुलडोझर फिरत असतानाचे एच.आय.व्ही. प्रतिबंध हाच त्यांतील एका निबंधाचा विषय आहे. एका जागी असलेला, तुलनेने एकजिनसी व्यवसाय पाडकामानंतर विखुरला, लपला आणि बहुरूपी झाला. लॉज, रस्ते, खासगी घरे अशा ठिकाणी गेलेल्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे कार्यकर्त्यांना अवघड झाले, असे तो सांगतो. नैतिक शुद्धीकरणाच्या समाधानात केलेल्या कारवाईची आरोग्यविषयक किंमत इतक्या थेटपणे दाखविणारे स्थानिक संशोधन दुर्मीळ आहे.

विखुरलेल्या स्त्रियांचा अभ्यास करण्यासाठी या संशोधकांनी साखळी पद्धत वापरली. ओळख पटलेल्या काही स्त्रियांना कूपने द्यायची, त्यांनी ती आपल्या परिचित स्त्रियांना द्यायची, आणि अशा रीतीने नमुना वाढवत न्यायचा. त्यातून ३२६ स्त्रियांचा सहभाग मिळाला. एच.आय.व्ही.चे प्रमाण २५.७ टक्के निघाले. परंतु याच स्त्रियांविषयीच्या दुसऱ्या निबंधातील निष्कर्ष वाचकाला थांबवतो : मागील तीन महिन्यांत सुमारे १९ टक्के स्त्रियांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. आत्महत्येच्या प्रयत्नांचा संबंध जोडीदाराकडून व इतरांकडून होणाऱ्या हिंसेशी आणि कोंडले गेल्याच्या भावनेशी आढळला. दर पाचांतील जवळजवळ एक स्त्री तीन महिन्यांच्या अवधीत मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली असेल, तर दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या आजाराची भीती दाखवून तिच्याकडून सावधपणाची अपेक्षा करणारे प्रचारपत्रक तिच्यासाठी लिहिलेले नव्हते, असे म्हणावे लागते. प्रतिबंध कार्यक्रमाच्या तक्त्यांत मानसिक आरोग्याचा रकाना त्यानंतरही फार उशिरा आणि अपुरा आला.

गोकुळनगर : प्रश्न विचारणारीची बदललेली जागा

बायणाच्या उलट सांगलीची कथा सहसा आदर्श म्हणून सांगितली जाते. संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजे 'संग्राम'ने, मीना सेषू यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये सांगलीतील वस्त्यांत एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम सुरू केले. निरोधवाटपाचे काम वस्तीतील स्त्रियांकडेच सोपविले गेले. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', आकाराला आली. त्याच सुमारास कोलकात्याच्या सोनागाचीत स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या कामातून १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली होती. दोन्ही ठिकाणी आरोग्याच्या प्रश्नापासून सुरुवात होऊन पोलिसांचा त्रास, गुंडांची वसुली, मुलांची शाळा या प्रश्नांपर्यंत काम आले.

आदर्श म्हणून सांगितलेल्या कथेत धोका असतो. तिच्यातील पद्धतीची बाजू झाकली जाते. संशोधनाच्या दृष्टीने सांगलीचे वैशिष्ट्य असे की, माहिती गोळा करणारी आणि माहिती देणारी यांच्यातील भिंत तेथे बरीचशी पडली. शेजारच्या खोलीत कोण आजारी आहे, कोणाकडे नवी मुलगी आली आहे, कोणत्या गिऱ्हाइकाने मारहाण केली, हे ज्या बाईला रोजच्या जगण्यात ठाऊक असते, तिने ते ज्ञान संघटनेच्या कामासाठी वापरले. त्या ज्ञानाची मालकी तिच्याकडेच राहिली. सीमेपलीकडील कन्नडभाषक भागातून आणि देवदासी प्रथेतून आलेल्या स्त्रियांशी बोलण्यासाठी दुभाष्याची गरज पडली नाही. 'वेश्या' हा शब्द संघटनेच्या नावात ठेवण्याचा आणि कामाला सरळ 'धंदा' म्हणण्याचा त्यांचा आग्रह अभ्यासकांना आजही खटकतो. परंतु 'वारांगना' या शासकीय संस्कृतप्रचुर शब्दाने त्या बाईची प्रतिष्ठा वाढते, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

याच ठिकाणी प्रतिबंधाचे काम आणि 'सुटके'चे राजकारण यांची टक्कर झाली. अमेरिकेच्या २००३ मधील कायद्याने एड्सविषयक निधी घेणाऱ्या संस्थांवर वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घातली. मे २००५ मध्ये गोकुळनगरात छापा पडला. त्याच वर्षी 'संग्राम'ने ही प्रतिज्ञा नाकारून निधीवर पाणी सोडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. २०२० मध्ये परदेशी संलग्न संस्थांना ते संरक्षण मात्र नाकारले. पुढे २०१८ मध्ये 'संग्राम'ने 'रेडेड' हा अभ्यास प्रसिद्ध केला. छाप्यांत पकडल्या गेलेल्या महाराष्ट्रातील २४३ स्त्रियांचे पुढे काय झाले, याचा तो मागोवा आहे. त्यांतील बहुसंख्य प्रौढ आणि स्वेच्छेने धंद्यात असलेल्या होत्या, असे त्याचे म्हणणे आहे.

या अभ्यासाला पक्षपाताचा आक्षेप घेता येईल, आणि तो घ्यावाही. संघटनेने स्वतःच्या सभासदांविषयी केलेल्या अभ्यासात संघटनेच्या भूमिकेला छेद देणारा निष्कर्ष निघणे अवघड असते. अल्पवयीन मुलींची विक्री, घरवालीचे कर्ज, वस्तीतील अंतर्गत सत्ता यांविषयी अशा लेखनात तुलनेने मौन आढळते, आणि ते मौन टीकेला पात्र आहे. मात्र हाच निकष इतरांनाही लावला पाहिजे. सुटका करणाऱ्या संस्थेने सुटका झालेल्यांविषयी काढलेला अहवाल, किंवा निरोध वाटणाऱ्या संस्थेने निरोधवापराविषयी दिलेला आकडा, हे अधिक तटस्थ कसे ठरतात? फरक एवढाच की, सांगलीतील पक्षपात उघड आहे. म्हणून तो तपासता येतो.

यादीचे दुसरे आयुष्य

मार्च २०२० मधील टाळेबंदीने यादीच्या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. धंदा एका रात्रीत बंद पडला. बहुतेक स्त्रियांकडे शिधापत्रिका नव्हती, आणि जिच्याकडे गावचा पत्ता असलेली होती तिला ती येथे उपयोगाची नव्हती. 'बुद्धदेव कर्मासकर' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना कोरडा शिधा देण्याचा आदेश राज्यांना दिला. त्यांना ओळखायचे कसे? नाको आणि विधी सेवा प्राधिकरणे यांच्यामार्फत. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा पाच हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. शाळेत जाणारी मुले असलेल्या स्त्रियांना आणखी अडीच हजार.

संसर्गाचा धोका म्हणून ज्या स्त्रियांची नोंद झाली होती, त्यांना त्याच नोंदीच्या आधारे धान्य मिळू लागले. नोंद चुकविणे हा दीडशे वर्षे बाईच्या शहाणपणाचा भाग होता. २०२० मध्ये तीच नोंद नसणे उपासमारीचे कारण ठरू लागले. हॉटस्पॉटच्या गणनेत न आलेल्या स्त्रिया, म्हणजे मजूर नाक्यावरच्या, भाड्याच्या खोलीत फोनवर गिऱ्हाईक घेणाऱ्या, धंदा करतो हे घरच्यांपासूनही लपविणाऱ्या, येथे पुन्हा बाहेर राहण्याचा धोका होता. पद्धतिशास्त्रातील एक उणीव थेट ताटापर्यंत पोहोचण्याचे इतके ठळक उदाहरण समाजशास्त्राच्या वर्गात शिकवायला सहसा मिळत नाही.

नाकोने २०२० ते २०२२ या काळात केलेल्या नव्या गणनेत हॉटस्पॉटबरोबरच दलाल, एजंट यांच्यामार्फत चालणाऱ्या जाळ्यांचाही समावेश करण्यात आला, आणि देशातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे ९.९५ लाख असल्याचा अंदाज पुढे आला. आधीचा अंदाज ८.६८ लाखांचा होता. ही वाढ स्त्रियांची किती आणि पद्धतीतील सुधारणेची किती, हे वेगळे करता येत नाही. कामाठीपुऱ्यातील खोल्या वर्षागणिक कमी होत आहेत, बुधवार पेठेतल्या इमारतींवर पुनर्विकासाची नजर आहे, आणि व्यवहार मोबाइलवर सरकला आहे. अशा स्थितीत पुढील गणना कोठे उभे राहून करायची, हा प्रश्न कोणत्याही स्थानिक संशोधकापुढे येणारच.

कायद्याची चौकट मात्र पूर्वीपेक्षा अनुकूल झाली आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कायम असला, तरी १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि माहितीची गोपनीयता यांना वैधानिक आधार दिला, तसेच संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी केलेल्या उपाययोजनांना गुन्हा ठरविण्यास मज्जाव केला. संमतीपत्रावर अंगठा उमटवून घेणे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या संशोधकाला आता कायदाच आडवा येऊ शकतो. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना इतर नागरिकांप्रमाणेच सन्मानाने वागविण्याचे आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा न मानण्याचे निर्देश पोलिसांना दिले. खिशात निरोध बाळगल्यावरून बाईला पकडले जात असेल, तर निरोधवाटपाचे सर्व आकडे संशयास्पद ठरतात, हे वस्तीतील स्त्रिया न्यायालयापूर्वी पंचवीस वर्षे सांगत होत्या.

त्याच आदेशात पत्त्याचा पुरावा नसलेल्या स्त्रीला नाकोच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार क्रमांक देण्याची तरतूद आहे. क्रमांकासाठीच्या नोंदणीत तिचा व्यवसाय उघड होईल असा कोणताही सांकेतिक शब्द वा अंक असू नये, असेही न्यायालयाने स्पष्टपणे नमूद केले आहे.